रुळांचे जाळे आणि जाळ्यातील गाठी

चेन्नई शहराच्या पश्चिमेस अण्णा नगर नावाची एक विस्तीर्ण वसाहत आहे. १९६८ साली या जागी एक मोठे व्यापारी व औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्या वेळी उभारलेला उंच मनोरा तेथील उद्यानात आजही उभा आहे. प्रदर्शन उठल्यावर मोकळ्या झालेल्या भूमीवर तमिळनाडूच्या गृहनिर्माण मंडळाने एक आखीव वसाहत वसविली. क्रमांकाने ओळखले जाणारे रुंद हमरस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, दुतर्फा झाडी आणि मधूनमधून उद्याने, असे तिचे स्वरूप आहे. नगररचनेच्या विद्यार्थ्याने पाहावे असे हे स्थळ आहेच. पण महानगरातील रेल्वेचा विचार करणाऱ्याने तर ते अवश्य पाहावे. कारण या एकाच वसाहतीत अल्पावधीत दोन लोहमार्ग आले. त्यांपैकी एक चार वर्षांत निवर्तला आणि दुसरा चांगला वाहता आहे.

निवर्तलेल्या मार्गाची हकीकत आधी पाहू जाता ती थोडक्यात अशी आहे. दक्षिण रेल्वेच्या विल्लिवाक्कम स्थानकापासून अण्णा नगरपर्यंत सुमारे ३ किलोमीटर लांबीचा एक फाटा आहे. २००३ साली या फाट्यावरून उतारूंसाठी उपनगरी गाड्या सुरू झाल्या. गाड्या दिवसातून मोजक्याच असत. स्थानक वसाहतीच्या एका टोकाला होते. उतारूंची वर्दळ कधी वाढली नाही, आणि जवळच पाडी येथे उड्डाणपुलाचे काम निघाल्यावर २००७ मध्ये या गाड्या बंद पडल्या. त्यानंतर त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. लाखो लोकांच्या शहरात, भरवस्तीच्या उशाशी, तयार रूळ असताना त्यांवरून जावयास माणसे मिळाली नाहीत, ही गोष्ट सहज सोडून देण्याजोगी नाही.

दुसरा मार्ग मेट्रोचा. १४ मे २०१७ रोजी तिरुमंगलम ते नेहरू पार्क या टप्प्यावर गाड्या धावू लागल्या. चेन्नई मेट्रोचा हा पहिला भुयारी टप्पा होय. कोयंबेडूकडून उंच खांबांवरून येणारा लोहमार्ग तिरुमंगलमपाशी जमिनीच्या पोटात शिरतो, अण्णा नगरच्या दुसऱ्या हमरस्त्याखालून, म्हणजे तेथील लोकांच्या 'सेकंड ॲव्हेन्यू'खालून जातो, आणि शेनॉय नगर, पच्चैयप्पा महाविद्यालय, किलपॉक या स्थानकांवरून पूर्वेकडे वळतो. एका वर्षाने, मे २०१८ मध्ये, तो शहराच्या मुख्य रेल्वेस्थानकापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४५ किलोमीटरांचा पहिला टप्पा पुरा झाला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तरेकडे विम्को नगरपर्यंतची ९ किलोमीटरांची भर पडून एकूण लांबी ५४ किलोमीटर झाली.

आता ११९ किलोमीटरांचा दुसरा टप्पा बांधला जात आहे. त्याचा अंदाजी खर्च ६३,२४६ कोटी रुपये असून ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यास मान्यता दिली. एवढी मोठी रक्कम, तीही पुष्कळशी कर्जाऊ, जमिनीत घालावयाची असताना त्या दोन लोहमार्गांचे भाग्य इतके भिन्न का झाले, हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहत नाही.

येथे शब्दांविषयी थोडे सांगावयास हवे. 'लाइट रेल' या इंग्रजी संज्ञेचे भाषांतर 'हलकी रेल्वे' असे केले, तर मराठी वाचकास ती हलक्या प्रतीची वाटावयाची. वस्तुतः येथे हलकेपणा आहे तो वाहून न्यावयाच्या गर्दीचा. ही संज्ञा १९७० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली, आणि तिच्यामागची वस्तू म्हणजे ट्रामगाडीचा सुधारलेला अवतार. गाड्या आखूड, वळणे आवळ, स्थानके साधी, मार्ग काही ठिकाणी रस्त्याच्या कडेने तर काही ठिकाणी उंच खांबांवरून. कॅनडातील कॅलगरी शहराने १९८१ मध्ये आणि फिलिपिन्सच्या मनिलाने १९८४ मध्ये असे मार्ग सुरू केले. मद्रासला ही कल्पना नवी वाटावयास नको होती. विजेवर चालणारी भारतातील पहिली ट्राम १८९५ साली तेथेच धावली. परंतु १९५३ मध्ये ती बंद झाली. मुंबईकरांनीही १९०७ पासून धावणाऱ्या आपल्या विजेच्या ट्रामला १९६४ मध्ये निरोप दिला. रस्ते मोटारींसाठी मोकळे करावे, असा त्या काळचा एकूण कल होता. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी तीच शहरे शेकडो पट खर्च करून रूळ पुन्हा आणीत आहेत. यात हसण्याजोगे काही नाही, पण विसरण्याजोगेही नाही.

चेन्नईने निवडली ती मोठ्या क्षमतेची मेट्रो. पहिल्या टप्प्यावरील चार डब्यांच्या गाडीत दाटीवाटीने सुमारे १,२७६ उतारू मावतात. दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटली तर तासास वीस गाड्या होतात, आणि एका दिशेने ताशी सुमारे २५,५०० माणसे जाऊ शकतात. एका बसमध्ये उभे-बसलेले मिळून सत्तर उतारू धरले, तर एवढ्या माणसांसाठी तासास ३६० हून अधिक बसगाड्या लागतील, म्हणजे दर दहा सेकंदांस एक. कोणत्याही सामान्य रस्त्यावर हे घडणे शक्य नाही. मेट्रोच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद हाच आहे, आणि तो खरा आहे. मात्र त्याच गाड्या दर दहा मिनिटांनी सोडल्या, तर ही क्षमता ७,६०० च्या आसपास येते. भुयार तेच, रूळ तेच, व्याजही तेच. केवळ गाड्यांमधले अंतर बदलले.

क्षमतेनंतर वेगाचा विचार. मेट्रोची गाडी ताशी ८० किलोमीटरांच्या वेगाने धावू शकते हे ऐकून उतारू हरखून जातो. प्रत्यक्षात तो वेग फार थोडा वेळ टिकतो. गाडीचा वेग दर सेकंदास सेकंदी १ मीटर याप्रमाणे वाढत गेला असे समजा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदी सुमारे २२ मीटर. तो गाठण्यास २२ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाडी २४७ मीटर पुढे गेलेली असते. थांबतानाही तितकेच अंतर लागते. तेव्हा दोन स्थानकांमध्ये एक किलोमीटर अंतर असेल, तर त्यातला निम्मा भाग वेग वाढविण्यात आणि कमी करण्यात जातो. त्यासाठी ४४ सेकंद, उरलेल्या भागासाठी २३ सेकंद आणि स्थानकात थांबण्याची ३० सेकंद धरली, म्हणजे एका किलोमीटरास ९७ सेकंद होतात. सरासरी वेग ताशी ३७ किलोमीटर भरतो. वळणे आणि सावधगिरी जमेस धरता तो आणखी थोडा उतरतो. स्थानके दोन-दोन किलोमीटरांवर ठेवली, तर हीच सरासरी ताशी ५१ किलोमीटरांवर जाते.

मग स्थानके दूरदूर ठेवणे शहाणपणाचे नव्हे काय? दहा किलोमीटरांच्या प्रवासात त्यामुळे सव्वाचार मिनिटांची बचत होते. परंतु ज्याचे घर गाळलेल्या स्थानकाजवळ आहे, त्यास प्रत्येक टोकास अर्धा ते एक किलोमीटर अधिक चालावे लागते. आणि माणूस ताशी ५ किलोमीटरांच्या चालीने अर्धा किलोमीटर जाण्यास सहा मिनिटे घेतो. चेन्नईच्या मे महिन्यातील उन्हात ही सहा मिनिटे किती लांबतात, हे गणितात मांडता येत नाही. गाडीने सव्वाचार मिनिटे वाचवावयाची आणि पायांनी सहा किंवा बारा घालवावयाची, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. अण्णा नगरच्या मेट्रोमार्गावर स्थानके सरासरीने सुमारे एका किलोमीटरावर आहेत, ती या हिशेबाने योग्यच म्हणावयाची. वसाहतीच्या एका टोकाला असलेल्या त्या जुन्या रेल्वेस्थानकाला याच हिशेबाने मारले.

यापुढची पायरी म्हणजे जाळे. एकेका मार्गाचा विचार येथे अपुरा पडतो.

जून २०१५ मध्ये कोयंबेडू ते आलंदूर हा चेन्नई मेट्रोचा पहिला तुकडा सुरू झाला, तेव्हा त्यावर सात स्थानके होती. सात स्थानकांच्या एकवीस जोड्या होतात, म्हणजे माणसास करता येण्याजोगे प्रवास एकवीस. २०१७ मध्ये तिरुमंगलम ते नेहरू पार्क ही आणखी सात स्थानके त्याच मार्गास जोडली गेली. चौदा स्थानकांच्या जोड्या ९१ होतात. लांबी आणि खर्च साधारण दुप्पट झाला, पण प्रवासाच्या शक्यता चौपटीहून अधिक वाढल्या. जाळ्याचे सामर्थ्य आहे ते येथे. पहिला तुकडा रिकामा धावतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे गणित ठाऊक नसते. आणि शेवटचा तुकडा रखडवणाऱ्यांना ते ठाऊक असूनही उमगलेले नसते.

मात्र या जोड्या कागदावरच्या आहेत. एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना उतारूस जिने चढावे लागले, रस्ता ओलांडावा लागला, पुन्हा तिकीट काढावे लागले आणि पुन्हा ताटकळावे लागले, तर त्यातल्या पुष्कळ जोड्या नुसत्या नावापुरत्या उरतात. वाहनात बसून गेलेल्या मिनिटापेक्षा वाट पाहण्यात गेलेले मिनिट माणसास सुमारे दुप्पट जड वाटते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळून आले आहे. हे कळण्यास पाहण्यांची फारशी गरज होती असे नाही. बसथांब्यावर उभा राहिलेला कोणीही ते सांगेल. मराठीत 'जाळे' हा शब्द कोळ्याकडून आला आहे, आणि कोळ्याला विचारले तर तो धाग्याची लांबी सांगणार नाही, तो गाठी दाखवील. गाठी सुटलेले जाळे म्हणजे दोऱ्यांचा गुंता.

चेन्नईस या गोष्टीचा धडा मेट्रोच्या आधीच मिळालेला आहे. बीच स्थानकापासून दक्षिणेकडे, पुष्कळ अंतर बकिंगहॅम कालव्याच्या काठाने, खांबांवरून जाणारा 'एमआरटीएस' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा लोहमार्ग १९९५ मध्ये चेपॉकपर्यंत, १९९७ मध्ये मैलापूरपर्यंत आणि २००७ मध्ये वेलाचेरीपर्यंत पोहोचला. त्याची स्थानके इतकी प्रशस्त बांधली गेली की त्यांतील कित्येक मजले वर्षानुवर्षे ओसाड राहिले. गाड्यांमधील अंतर मोठे, बसथांबे लांब, भोवतालचे रस्ते पायी चालण्यास गैरसोयीचे, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या टोकास तो कशालाच जोडलेला नव्हता. वेलाचेरीपासून सेंट थॉमस माउंट स्थानकापर्यंत तो नेला, म्हणजे उपनगरी रेल्वे आणि मेट्रो या दोहोंशी त्याची गाठ पडणार होती. या पाच किलोमीटरांचे काम २००८ मध्ये सुरू झाले. पैकी साडेचार किलोमीटरांचे बांधकाम होऊन गेले, आणि आदंबाक्कम येथील जेमतेम अर्धा किलोमीटर जमिनीच्या वादात वर्षामागून वर्षे अडकून पडला. खांब उभे, तुळया ठेवलेल्या, आणि मधे एक खिंडार. कोट्यवधी रुपयांचा धागा एका गाठीवाचून लोंबकळत राहिल्याचे याहून बोलके चित्र देशात दुसरे क्वचितच सापडेल.

याउलट उदाहरण मुंबईचे आहे. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली. तिची लांबी अवघी ११.४ किलोमीटर. कामाच्या दिवशी तिने चार लाखांहून अधिक उतारू वाहिले आहेत. चेन्नईची ५४ किलोमीटरांची मेट्रो २०२४ सालात एकूण १०.५२ कोटी उतारूंनी वापरली. म्हणजे दिवसास सरासरी २.८७ लाख. मुंबईची दाटी चेन्नईत नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण खरे कारण अंधेरी आणि घाटकोपर येथील पादचारी पुलांवर उभे राहिल्यावर दिसते. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे या दोन उभ्या धाग्यांना ही मेट्रो दोन ठिकाणी घट्ट बांधते. मेट्रोचा उतारू पूल उतरतो तो थेट लोकलच्या फलाटाकडे. त्याच मुंबईत त्याच वर्षी मोनोरेलही सुरू झाली आणि २०१९ मध्ये ती सुमारे वीस किलोमीटरांची झाली. गर्दीच्या रेल्वेस्थानकांशी धड गाठ नसलेल्या त्या मार्गास उतारू मिळाले नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो डागडुजीसाठी बंद ठेवावा लागला. मोनोरेलचे बेत चेन्नईतही दोनदा झाले होते. ते बारगळले, हे त्या शहराचे सुदैव म्हणावयास हवे.

गाठी बांधण्याचे काम चेन्नई मेट्रोने केले नाही असे मुळीच नाही. मुख्य रेल्वेस्थानकाखालील भव्य भुयारी स्थानकात मेट्रोचे दोन मार्ग एकावर एक छेदतात, आणि तेथून लांब पल्ल्याची रेल्वे, उपनगरी रेल्वे व एमआरटीएस, तिन्हींकडे जाता येते. आलंदूर, एग्मोर, गिंडी येथेही चांगल्या गाठी आहेत. परंतु एक फार मोलाची गाठ बांधून झाल्यावर सोडली गेली. कोयंबेडूचे बाहेरगावच्या बसगाड्यांचे विशाल स्थानक २००२ पासून चालू होते, आणि २०१५ मध्ये मेट्रोचे स्थानक त्याच्या दारात आले. मदुराईहून रात्रभर प्रवास करून उतरलेला माणूस वळकटी घेऊन जिना चढला की मेट्रोत बसत असे आणि अण्णा नगर तर त्याला दोन स्थानकांवर. डिसेंबर २०२३ मध्ये किलांबाक्कम येथे नवे बसस्थानक उघडले आणि दक्षिणेकडील बसगाड्या तेथे हलविण्यात आल्या. हे स्थळ तांबरमच्याही पलीकडे आहे. तेथे मेट्रो नव्हती, आणि उद्घाटनाच्या वेळी उपनगरी रेल्वेचे स्थानकही तयार नव्हते. विमानतळापासून तेथपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरांचा मेट्रोमार्ग प्रस्तावित करण्यात आला, तो अर्थातच नंतर बांधावयाचा. कोयंबेडूची कोंडी कमी व्हावी हा हेतू योग्यच होता. पण बसचे खाते एक निर्णय घेते, मेट्रोची कंपनी दुसरा आणि रेल्वे तिसरा, आणि तिघांचे निर्णय उतारूच्या डोक्यावरच्या बोजात एकत्र येतात.

हे टाळण्यासाठीच चेन्नईत सर्व वाहनांचा एकत्र विचार करणारे महानगर परिवहन प्राधिकरण असावे असा कायदा २०१० मध्ये झाला. प्राधिकरणाची पहिली बैठक २०२२ मध्ये भरली. बारा वर्षांत भुयारे खणून झाली आणि एका टेबलाभोवती बसणे तेवढे राहिले होते! सप्टेंबर २०२५ मध्ये बस, मेट्रो आणि उपनगरी रेल्वे यांचे तिकीट एकाच ठिकाणी काढण्याची सोय सुरू झाली. ही सुधारणा दिसण्यात लहान आहे, पण कित्येक किलोमीटरांच्या रुळांच्या तोलाची आहे.

आता या साऱ्यासाठी जी किंमत मोजावी लागते तिच्याविषयी. पहिल्या टप्प्यास २००९ मध्ये १४,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली होती. किलोमीटरास सुमारे ३२४ कोटी. दुसऱ्या टप्प्याचा अंदाज किलोमीटरास ५३० कोटींच्या वर जातो. दोन्ही आकडे निरनिराळ्या काळचे आहेत आणि मधल्या वर्षांत रुपयाचे मोल घटले आहे, हे ध्यानात ठेवूनही दुसरा आकडा दडपण आणणारा आहे. पण पैशात न मोजता येणारी किंमतही असते, आणि ती अण्णा नगर व शेनॉय नगर येथील रहिवाशांनी मोजली.

भुयार खणणारे यंत्र वरच्या रस्त्यास धक्का न लावता जाते असे म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. हे यंत्र म्हणजे एक प्रचंड पोलादी नळकांडे. त्याच्या तोंडाशी फिरणारे चाक माती कापते, कापलेली माती दाबाखाली कोंडून ठेवली जाते आणि त्या दाबाने समोरची भिंत ढासळू न देता यंत्र इंचाइंचाने सरकते. मागे काँक्रीटच्या तुकड्यांची कडी बसवीत जावे लागते. पण चेन्नईची भूमी एकजिनसी नाही. कोठे वाळू, कोठे चिकणमाती, आणि मधूनच कठीण खडक. अर्धे चाक मातीत आणि अर्धे खडकात असले, म्हणजे यंत्राची गती मंदावते आणि वरची जमीन खचण्याचा धोका वाढतो. शिवाय भुयार जरी आतून खणता आले, तरी स्थानक वरूनच खणावे लागते. सुमारे दोनशे मीटर लांबीचा, कित्येक मजले खोल असा खड्डा कोठेतरी घ्यावा लागतो. शेनॉय नगरात तो तिरु. वि. क. उद्यानात घेतला गेला. २०११ मध्ये हे उद्यान बंद झाले, त्यातील जुनी झाडे गेली, आणि दहा वर्षांहून अधिक काळ ते लोकांना मिळाले नाही. ज्या मुलाने तेथे चेंडू खेळावयाचा, तो उद्यान पुन्हा उघडेपर्यंत मिशा फुटलेला तरुण झाला.

एवढे दिल्यावर रहिवाशाने कशाची अपेक्षा करावी? आणि केवळ रहिवाशाने का? अण्णा नगरात रोज सकाळी स्वयंपाक, धुणीभांडी, दुकानातली विक्री, रुग्णालयातील सेवा अशा कामांसाठी शेकडो स्त्रिया बाहेरून येतात. तमिळनाडूत २०२१ पासून साध्या बसमध्ये स्त्रियांस तिकीट पडत नाही. मेट्रोचे भाडे, त्याच वर्षी कमी केल्यावरही, १० ते ५० रुपये होते. अशी स्त्री मेट्रोस पाठ दाखवून बससाठी उभी राहते तेव्हा ती अडाणीपणा करीत नसते. हिशेब करीत असते. शहरातील बसगाड्या दिवसास सुमारे तीस लाख उतारू वाहतात, मेट्रोच्या दसपट. ज्या मेट्रोला या तीस लाखांपैकी बहुतेकांशी गाठ बांधता येत नाही, ती कितीही वातानुकूलित असली तरी शहराच्या एका थरातूनच धावते. मेट्रो बांधण्याऐवजी तोच पैसा बसगाड्यांत घालावा, असा एक पक्ष आहे. तो पक्ष वर दिलेले दहा सेकंदांचे गणित विसरतो. पण मेट्रोचा पक्षही हे विसरतो की तिच्या दारापर्यंत माणसे आणून सोडणारी बस नसेल, तर ते गणित कागदावरच राहते.

दुसऱ्या टप्प्यात तीन मार्ग आहेत. त्यांतील पाचव्या क्रमांकाचा सुमारे ४७ किलोमीटरांचा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे. पहिल्या टप्प्याचे दोन्ही मार्ग शहराच्या मध्याकडे धावतात. हा मात्र माधवरमहून निघून विल्लिवाक्कम, अण्णा नगरची पश्चिम बाजू, कोयंबेडू, आलंदूर, सेंट थॉमस माउंट असे अर्धवर्तुळ घेत शोळिंगनल्लूरला जातो. मध्याला न शिवता कडेकडेने जाणाऱ्या अशा मार्गाचे जीवित सर्वस्वी गाठींवर अवलंबून असते, कारण त्यावर चढणाऱ्या बहुतेकांना कोठेतरी दुसऱ्या मार्गावर जावयाचे असते. म्हणून या टप्प्याचे यश किती किलोमीटर उघडले यावरून ठरवू नये. कोयंबेडू, आलंदूर आणि सेंट थॉमस माउंट येथे एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्यास किती मिनिटे लागतात, बसचा थांबा जिन्याच्या तोंडापासून किती पावलांवर आहे, त्या पावलांवर सावली आहे की नाही, दुपारी दोन वाजता गाडी किती मिनिटांनी मिळते, आणि घरकामास येणाऱ्या स्त्रीचे बसचे व मेट्रोचे मिळून भाडे किती होते, एवढे पाच आकडे दर वर्षी जाहीर करावे. एकूण खर्चाचा शंभरावा हिस्सा म्हणजे सहाशे बत्तीस कोटी रुपये होतात. तेवढ्यात किती पादचारी पूल, छपरे, पदपथ आणि लहान बसगाड्या होतील, याचा हिशेब एखाद्या कनिष्ठ अभियंत्यासही मांडता येईल.

विल्लिवाक्कमला हा पाचवा मार्ग जमिनीखालून जाणार आहे, आणि २००७ साली बंद पडलेला अण्णा नगरचा फाटा तेथूनच निघतो. नव्या स्थानकाचा जिना उपनगरी रेल्वेच्या फलाटासमोर उघडावा की दोन रस्ते पलीकडे, हे काँक्रीट ओतण्याच्या आधी ठरवावयाचे आहे.